कारंजाच्या 'ब्रह्मचर्याश्रमा'चे नाव

वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे नगर सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ यांच्या प्राचीन जिनमंदिरांमुळे सर्वश्रुत आहे. याच नगरात इ. स. १९१८ मध्ये करमाळ्याचे ब्रह्मचारी देवचंदजी यांनी श्री महावीर ब्रह्मचर्याश्रम ही निवासी शिक्षणसंस्था स्थापन केली. त्या काळी कारंजा अकोला जिल्ह्यात होते.

या नावाचा अर्थ ज्ञातिबांधवांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. 'ब्रह्मचर्याश्रम' म्हटले, की मुलांना संसारापासून परावृत्त करणारे स्थान, अशी शंका पालकांच्या मनात सहज येते. स्वतः संस्थापकांनी पुढे मुनिदीक्षा घेतली व ते समंतभद्र महाराज म्हणून वंदनीय झाले, यामुळे त्या शंकेस बळच मिळते. परंतु नावाचा आशय निराळा आहे.

जिनसेनाचार्यांच्या नवव्या शतकातील आदिपुराणात गृहस्थाच्या संस्कारांचा क्रम दिला आहे. उपनीतीनंतर व्रतचर्या येते. तीत विद्यार्थी ब्रह्मचर्य पाळून गुरूजवळ अध्ययन करतो. अध्ययन पुरे होताच व्रतावतरण होते, म्हणजे विद्यार्थिदशेपुरती घेतलेली विशेष व्रते उतरविली जातात. आणि त्यापुढचा संस्कार आहे विवाह! तेव्हा हे ब्रह्मचर्य संसाराच्या विरोधी नसून संसाराची पूर्वतयारी होय.

हे नाव त्या युगाचेही होते. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात काढलेली शाळा ब्रह्मचर्याश्रमच म्हणविली गेली. १९०२ मध्ये कांगडीचे गुरुकुल उभे राहिले आणि १९११ मध्ये हस्तिनापुरास ऋषभ ब्रह्मचर्याश्रम निघाला. परकीय सत्तेच्या काळात शिक्षण आपल्या संस्कारांवर उभारावे, हीच या सर्वांमागील तळमळ होती.

कारंजास तर अशा विद्यालयाची विशेष निकड होती. तेथील शास्त्रभांडारांत शेकडो हस्तलिखिते होती. रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचीने ती विद्वानांच्या दृष्टीस आणली. १९३१ साली 'जसहरचरिउ' हे अपभ्रंश काव्य डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिले व कारंजा ग्रंथमालेत ते प्रसिद्ध झाले. परंतु ग्रंथ नुसते जपून भागत नाही. ते वाचणारी पिढी घडवावी लागते.

देवचंदजींनी १९३४ मध्ये कुंभोजजवळ बाहुबली येथेही गुरुकुल स्थापिले. त्या कार्याचा उगम कारंजातच आहे. म्हणून आमची विनंती इतकीच, की मुलांपुढे हे नाव पूर्ण उच्चारावे व त्याचा अर्थही सांगावा. अर्थ विसरला, की नावाची केवळ पाटी उरते.