न वाजणारा रुपया

रुपया खरा कीं खोटा हें पूर्वीं तो वाजवून पाहत. सराफाच्या पेढीवर आलेलें नाणें दगडावर आपटून त्याचा नाद ऐकावयाचा, मग झीज पाहावयाची, आणि शेवटीं त्यावर बट्टा किती तें सांगावयाचें, असा क्रम असे. पेशवाईच्या अखेरीस एकट्या दक्षिणेंत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे कितीतरी रुपये चालत आणि प्रत्येकाचा भाव निराळा. कंपनी सरकारनें १८३५ सालीं आपल्या मुलखांत एक रुपया सुरू केला. १८६१ सालच्या कायद्यानें कागदी चलन काढण्याचा अधिकार सरकारकडे गेला. आणि नाण्याचा नाद ऐकण्याची गरज हळूहळू सरली. तरी पैसा म्हणजे एका हातांतून दुसऱ्या हातांत जाणारी वस्तु, ही कल्पना मात्र कायम राहिली. आज दुकानाच्या गल्ल्यापाशीं उभा असलेला तरुण आपला स्मार्टफोन एका लहानशा यंत्राजवळ नेतो, यंत्र बारीक आवाज करतें, आणि व्यवहार पुरा होतो. फोनचा यंत्रास स्पर्श व्हावा लागतो असेंहि नाहीं. या क्षणभराच्या क्रियेमागचा इतिहास वाचकांपुढें मांडावा, आणि तो मांडतांना आम्हांस जी एक शंका येते तीहि सांगावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पैसा न हालवितां पैसा पोंचविणें ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. उत्तर हिंदुस्थानांतील मराठ्यांच्या वसुलीपैकीं पुष्कळ रक्कम पुण्यास येई ती थैल्यांतून नव्हे, तर हुंडीच्या कागदावरून. दर्शनी हुंडी पाहतांच पटवावयाची, मुदती हुंडी ठरल्या दिवशीं. हुंडणावळ देऊन सावकार वाटेवरची सारी जोखीम आपल्या शिरावर घेई. हुंडी हरवली तर तिची पेठ मिळे, पेठहि हरवली तर परपेठ, आणि एकदां पैसे चुकते झाले म्हणजे त्या कागदाचा खोखा होई. या व्यवस्थेंतील सर्वांत बोधप्रद भाग म्हणजे शहाजोग हुंडी. ती कोणाहि आगंतुकास पटवीत नसत. घेणारा बाजारांत पत असलेला ‘शहा’ आहे अशी खात्री करून घेणें हें देणाऱ्याचें काम होतें. म्हणजे हुंडीचा खरा पाया कागद नव्हता. माणसामाणसांतली ओळख हा होता. दोन परक्या माणसांत, क्षणभरांत, कोणी कोणाचें नांवहि न विचारतां होणारा व्यवहार हुंडीला झेंपला नसता.

असा व्यवहार हवा अशी निकड प्रथम पेढीवर उत्पन्न झाली नाहीं; ती उत्पन्न झाली आगगाडीच्या फाटकावर. ही गोष्ट आम्हांस मोठी महत्त्वाची वाटते. टोकियोच्या स्थानकांवर सकाळच्या वेळीं माणसांचा जो लोंढा लोटतो, त्याला तिकिट दाखवून आंत सोडावयाचें म्हणजे एका फाटकांतून मिनिटास साठ माणसें पार व्हावयास हवींत, असा रेल्वे-कंपनीचा हिशेब होता. चुंबकीय पट्टीचें तिकिट फटींत घालावें लागे आणि पलीकडे उचलून घ्यावें लागे. त्यासाठीं तें पाकिटांतून काढणें आलेंच. यावर तोड म्हणून सोनी कंपनीनें फेलिका नांवाची युक्ति सिद्ध केली. हिच्या कार्डांत विजेचा घट नसतो. फाटकावरील यंत्र सेकंदास १ कोटी ३५ लक्ष ६० हजार आवर्तनांचें चुंबकक्षेत्र सोडतें, कार्डांतील तारेच्या वेटोळ्यांत त्यामुळें वीज उत्पन्न होते, आणि त्या उसन्या विजेवर कार्डांतील चिमुकला गणकयंत्राचा तुकडा जागा होऊन आपला हिशेब सांगतो. मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं जो विद्युत्प्रवर्तनाचा नियम शोधून काढला त्याचीच ही करामत. हें सर्व एक पंचमांश सेकंदांत उरकावयाचें, अशी रेल्वेची अट होती.

यंत्र झालें, पण माणसाचें काय? प्रथमच्या चाचण्यांत कार्ड कोठें आणि कसें धरावें हेंच पुष्कळांस उमगेना, आणि फाटकें अडूं लागलीं. तेव्हां शुंजी यामानाका या कल्पक रचनाकारानें निरनिराळ्या आकारांचे नमुने करून लोक काय करतात तें बारकाईनें पाहिलें, आणि असें ठरविलें कीं, वाचक-यंत्राचा पृष्ठभाग माणसाकडे १३.५ अंशांनीं कलता ठेवावा. एवढ्या कलानें हात आपोआप तेथें जाऊं लागला, आणि कार्ड यंत्राजवळ पुरेसा वेळ राहूं लागलें. करोडो रुपयांच्या योजना अशा तेरा अंशांवर अडून बसतात, ही गोष्ट आमच्याकडील योजकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

या कार्डाचा पहिला मोठा प्रयोग मात्र जपानांत झाला नाहीं. हाँगकाँगमध्यें १ सप्टेंबर १९९७ रोजीं ‘ऑक्टोपस’ कार्ड सुरू झालें. पूर्व जपान रेल्वेचें ‘सुइका’ त्यानंतर चार वर्षांनीं, १८ नोव्हेंबर २००१ रोजीं आलें. दोन्ही कार्डें निघालीं प्रवासासाठीं, पण लौकरच त्यांवर दुकानांतला मालहि मिळूं लागला. फाटकावरची घाई अशी बाजारांत शिरली. पुढें जुलै २००४ मध्यें एन्. टी. टी. डोकोमो या कंपनीनें तोच तुकडा फोनमध्यें बसविला आणि त्यास ‘ओसाइफु-केइताइ’ असें नांव दिलें. ओसाइफु म्हणजे पैशाचें पाकीट आणि केइताइ म्हणजे जवळ बाळगण्याचा फोन. आपल्या आजेपणजांच्या कमरेस जो कसा असे, तो या नांवानें प्रथम फोनांत गेला असें म्हणावयास हरकत नाहीं. २००६ च्या आरंभीं सुइकाहि फोनवर चालूं लागलें.

अमेरिकेंत हीच गोष्ट होण्यास आणखी आठदहा वर्षें गेलीं. अडचण विद्येची नव्हती, वाटणीची होती. कार्ड-कंपन्या, पेढ्या, फोनच्या कंपन्या आणि दुकानदार या चौघांपैकीं पाकिटाचा मालक कोण, हा तंटा मिटेना. गूगलचें वॉलेट २०११ सालीं निघालें, पण मोठ्या फोन-कंपन्यांपैकीं बहुतेकांचें स्वतःचें निराळें वॉलेट काढण्याचें घाटत असल्यामुळें त्यांनीं त्यास हातभार लावला नाहीं. त्या निराळ्या वॉलेटला त्यांनीं ‘आयसिस’ असें नांव ठेविलें होतें. इराक-सीरियांतील अतिरेक्यांची संघटना त्याच नांवानें जगाच्या कानीं आदळूं लागली, तेव्हां २०१४ सालीं तें बदलावें लागलें! नांवाचा असा अपशकुन क्वचितच कोणा व्यापाऱ्यास झाला असेल. अखेर २० ऑक्टोबर २०१४ रोजीं ॲपल कंपनीचें वॉलेट चालू झालें, आणि तेथून पश्चिमेंतला हा प्रघात खरा रुजला. त्याच वर्षीं ६ जुलैस लंडनच्या बसगाड्यांनीं रोख भाडें घेणें बंद केलें, आणि १६ सप्टेंबरपासून तेथील भुयारी रेल्वेचें फाटक पेढीच्या साध्या कार्डानेंहि उघडूं लागलें. फाटक आणि पेढी यांची गांठ पडली ती येथें.

पेढीनें या गांठींत स्वतःची जी भर घातली तिचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. अशा वॉलेटांत कार्डाचा खरा क्रमांक फोन दुकानदाराला देतच नाहीं. त्याऐवजीं ‘टोकन’ म्हणून एक पर्यायी क्रमांक दिला जातो, आणि त्यासोबत त्या एकाच व्यवहारापुरती चालणारी सांकेतिक खूण असते. ती कोणीं वाटेंत चोरली तरी दुसऱ्यांदा तिचा उपयोग नाहीं. जणूं प्रत्येक हुंडी जन्मतःच खोखा होऊन येते. शिवाय फोन धनी ओळखतो तो बोटाच्या ठशावरून, चेहऱ्यावरून किंवा गुप्त अंकांवरून. नुसत्या कार्डाचें तसें नाहीं. आपल्या रिझर्व्ह बँकेनें गुप्त अंक न विचारतां कार्डानें द्यावयाच्या रकमेस प्रथम २,००० रुपयांची मर्यादा घातली होती, आणि १ जानेवारी २०२१ पासून ती ५,००० केली. म्हणजे हरवलेलें कार्ड परक्या हातांत तेवढ्यापुरतें चालूं शकतें. या दृष्टीनें फोन हा कार्डाहून अधिक विश्वासू चाकर आहे, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे.

हिंदुस्थानानें मात्र निराळीच वाट धरली. जपानी फाटकाला यंत्र परवडतें. मंडईंतल्या मेथीच्या जुडीवाल्या बाईला तें कोठून परवडावें? ११ एप्रिल २०१६ रोजीं मुंबईंत रघुराम राजन यांच्या हस्तें यू. पी. आय. या योजनेचें उद्घाटन झालें. तींत पैसा पाकिटांत आधीं भरून ठेवावा लागत नाहीं. तो एका पेढींतील खात्यांतून दुसऱ्या पेढींतील खात्यांत थेट जातो, आणि फोन ही केवळ खात्याची किल्ली होते. त्याच वर्षीं ८ नोव्हेंबरच्या रात्रीं पांचशें व हजारांच्या नोटा रद्द झाल्या. रोकड मिळेना, तेव्हां अनेकांनीं ही किल्ली प्रथमच हातीं घेतली. ३० डिसेंबरला सरकारी पुरस्काराचें ‘भीम’ ॲप आलें. दुकानदाराच्या बाजूस यंत्राऐवजीं काळ्यापांढऱ्या चौकटींचा एक छापील कागद पुरे झाला. हा क्यू. आर. कोड १९९४ सालीं जपानांत डेन्सो वेव्ह कंपनींतील मासाहिरो हारा यांनीं मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठीं काढलेला. कारखान्यांतल्या खोक्यांवरची ती खूण आमच्या नारळपाणीवाल्याच्या गाड्यावर येऊन बसली, आणि जानेवारी २०२० पासून अशा देण्यावर दुकानदाराला पडणारें शुल्कहि काढून टाकण्यांत आलें. त्याच सालच्या साथींत नोटेला हात लावावयास लोक भिऊं लागले, त्याचाहि हातभार लागलाच. ऑगस्ट २०२३ मध्यें एका महिन्यांतील यू. पी. आय. व्यवहारांची संख्या प्रथमच १,००० कोटींच्या वर गेली.

परंतु एक गंमत झाली. गिऱ्हाइकानें पैसे दिले कीं नुसतें दिल्यासारखें दाखविलें, हें गर्दींत दुकानदाराला कळेना. मग गल्ल्यावर एक लहान पेटी आली. पैसे खात्यांत जमा होतांच ती मोठ्यानें रक्कम बोलून दाखविते. सराफानें दगडावर रुपया वाजवावा तसाच हा प्रकार. मंडईंत आतां दिवसभर ‘वीस रुपये प्राप्त झाले’ अशा हांका उठत असतात.

आतां आमची शंका. नाणें हातांतून हातांत जात असे तेव्हां त्या व्यवहाराला दोनच माणसें ठाऊक असत, आणि नाणें पुढें गेलें कीं मागची कथा विसरून जाई. फोनमधल्या देण्याला देणाराची पेढी, घेणाराची पेढी, मधली संस्था आणि ॲपची कंपनी असे निदान चार साक्षीदार असतात, आणि ते कांहीं विसरत नाहींत. कोणी म्हणेल, प्रामाणिक माणसाला साक्षीदाराचें भय कशाला? त्यांस आम्ही हाँगकाँगचें उदाहरण दाखवूं. ऑक्टोपस कार्ड नांवगांव न सांगतां विकत घेतां येई. पुढें त्याच्या चालकांनीं बक्षिसांची एक योजना काढली, आणि तींत लोकांनीं हौसेनें आपापली माहिती भरली. २०१० सालीं असें उघडकीस आलें कीं, सुमारे वीस लक्ष ग्राहकांची माहिती दुसऱ्या कंपन्यांस देऊन त्यांनीं ४ कोटी ४० लक्ष हाँगकाँग डॉलर मिळविले होते. फार ओरड झाली, मुख्य अधिकाऱ्यास पद सोडावें लागलें. तेथें निनांवी कार्डाचा मार्ग तरी मोकळा होता. फोनच्या वॉलेटला निनांवी राहण्याची सोयच नाहीं. सुनेनें माहेरीं गुपचूप पाठविलेले चारशें रुपये, मुलानें बापाच्या नकळत घेतलेलें पुस्तक, आजारी माणसानें दूरच्या गल्लींत जाऊन घेतलेलें औषध, यांत गुन्हा कांहीं नाहीं. परंतु घरांतल्या दुसऱ्या कोणीं तो फोन हातांत घेतला कीं यांतलें एकहि झांकून राहत नाहीं. पूर्वीं ही गुप्तता नाणें फुकट देत असे, म्हणून तिची किंमत कोणीं कधीं केली नाहीं.

दुसरी गोष्ट ज्यांच्याजवळ स्मार्टफोन नाहीं त्यांची. मार्च २०२२ मध्यें साध्या फोनसाठींहि यू. पी. आय. ची सोय निघाली हें चांगलेंच झालें. पण सोय असणें आणि दुकानदारानें नोट नाकारणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरानें २०१९ सालीं रोकड नाकारणाऱ्या दुकानांस बंदी केली. गरिबांस व पेढींत खातें नसलेल्यांस दाराबाहेर ठेवूं नये हें तिचें कारण होतें. स्वीडनचें उदाहरण याहून बोलकें आहे. युरोपांतील पहिल्या बँकनोटा १६६१ सालीं स्टॉकहोमला निघाल्या. त्याच देशांत नोटा इतक्या नाहींशा झाल्या कीं, मोठ्या पेढ्यांनीं रोकड देण्याघेण्याची सोय ठेवलीच पाहिजे असा कायदा तेथें १ जानेवारी २०२० पासून अंमलांत आणावा लागला.

मध्यंतरीं आम्ही नेहमींच्या वाण्याकडे गेलों असतां आमच्या फोनची बॅटरी ऐन वेळीं संपली. सामान पिशवींत भरून झालें होतें, मागें चार माणसें उभीं होतीं, आणि खिशांत दमडी नव्हती. वाण्यानें वर न पाहतांच सांगितलें, ‘जा हो, उद्यां द्या.’ त्याचें आमचें वीस वर्षांचें येणेंजाणें. गांव परका असता तर पिशवी रिकामी करून घरीं यावें लागलें असतें. दुसऱ्या दिवशीं पैसे दिले ते फोनवरूनच; पण तेव्हांपासून फोनच्या पाठीमागच्या खापेंत शंभराच्या दोन नोटा घडी करून ठेवण्याची संवय आम्हीं लावून घेतली आहे.