इंटरफेसांचे स्मृतिगत वर्णन : एक ऐतिहासिक आलोचन

सी किंवा सी++ ह्यांसारख्या भाषेत लिहिलेली आज्ञावली कंपायलरमधून बाहेर पडते तेव्हा तिच्यातील बराचसा अर्थ गळून गेलेला असतो. एखाद्या फंक्शनला किती मूल्ये द्यावयाची, त्यांचे प्रकार कोणते, कोणते मूल्य आत जावयाचे आणि कोणते बाहेर यावयाचे, ह्यांपैकी जवळजवळ काहीच यंत्रभाषेत शिल्लक राहत नाही. उरतात ते पत्ते आणि अंक. पाचारण करणारी आज्ञावली व पाचारला जाणारा घटक ह्यांचे जुळते, ते केवळ दोघांचेही कंपायलर एकाच शीर्ष-संचिकेवरून चालले म्हणून. इंटरफेस म्हणजे घटकाने बाहेरच्यांशी केलेला करार असे मानले, तर हा करार आज्ञावली घडविताना वाचला जातो आणि ती चालू लागताच नाहीसा होतो. मात्र जो पक्ष करार होताना उपस्थितच नव्हता, अशा एखाद्या दुभाषी भाषेला किंवा दुसऱ्या यंत्रावरील प्रक्रियेला त्या घटकाशी व्यवहार करावयाचा असला, तर नाहीसा झालेला करार संगणकाच्या स्मृतीत पुन्हा मांडून ठेवावा लागतो. ही मांडणी कशी करावी हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो. वस्तुतः त्याच्या उत्तरावर घटकांच्या परस्पर-विश्वासाचा सारा डोलारा उभा आहे. कारण मांडलेले वर्णन खोटे निघाले तर ते पकडणारा कंपायलर त्या वेळी तेथे नसतो.

घटकांची कल्पना ह्या प्रश्नाहून जुनी आहे. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या आश्रयाने भरलेल्या परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी कारखान्यात घडविल्या जाणाऱ्या सुट्या भागांप्रमाणे सॉफ्टवेअरचेही भाग घडवावेत असा आग्रह धरला. १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी आज्ञावलीचे विभाजन करताना प्रत्येक विभागाने आपला एखादा रचनाविषयक निर्णय इतरांपासून झाकून ठेवावा, हे तत्त्व मांडले. झाकावयाचे काय ह्याचा विचार झाला की उघडे काय ठेवावयाचे ह्याचा विचार ओघानेच येतो. परंतु पार्नास यांच्या विवेचनातील इंटरफेस हा माणसांनी माणसांसाठी लिहिलेला मजकूर होता. यंत्राने तो स्वतःजवळ बाळगावा अशी अपेक्षा त्यात नव्हती.

यंत्राने तो वाचावा ही गरज प्रथम निर्माण झाली ती दूरस्थ पाचारणामुळे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन-केंद्रात अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी मेसा भाषेसाठी जी यंत्रणा उभारली व १९८४ साली जिचे वर्णन प्रसिद्ध केले, तीत ल्यूपिन नावाची आज्ञावली मेसामधील इंटरफेस वाचून दोन्ही बाजूंचे मध्यस्थ तुकडे आपोआप लिहून देई. एक तुकडा मूल्ये संदेशात बांधी, दुसरा ती सोडवी. येथे वर्णन यंत्राच्या हाती आले खरे, परंतु ते घडणीच्या वेळेपुरतेच. तुकडे तयार झाले की वर्णनाचे काम संपे. सन मायक्रोसिस्टिम्सची दूरस्थ-पाचारणाची यंत्रणाही ह्याच वाटेने गेली.

त्याच सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉन नेस्टर, विल्यम वुल्फ आणि डेव्हिड लॅम्ब यांनी ‘आयडीएल’ ह्या आद्याक्षरी नावाची एक भाषा सिद्ध केली. पुढे जगभर रूढ झालेल्या आयडीएलशी तिचे नाव जुळते, परंतु हेतू जुळत नाही. कंपायलरच्या एका टप्प्याने स्मृतीत रचलेला आलेख दुसऱ्या टप्प्याला कळावा म्हणून त्या आलेखाच्या रचनेचे वर्णन करणे, हे तिचे काम. आडा भाषेसाठी निर्मिलेले डायना हे मध्यस्थ रूप तिच्यातच वर्णिलेले आहे. म्हणजे ह्या नावाचा प्रारंभ झाला तो स्मृतीतील रचनांचे वर्णन करण्यासाठी. आणि दहा वर्षांनंतर त्याच नावाच्या दुसऱ्या भाषांतील इंटरफेसांचे वर्णन साठविण्यासाठी स्मृतीत नव्या रचना घडवाव्या लागल्या. नामसाम्याने ह्या दोन परंपरांची पुष्कळदा गल्लत केली जाते, म्हणून हा उल्लेख.

चालत्या आज्ञावलीला आपला करार विचारता यावा, ही अपेक्षा स्पष्टपणे प्रथम मांडणाऱ्यांत १९८९ साली स्थापन झालेल्या ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपचा समावेश होतो. १९९१ साली आकारास आलेल्या त्याच्या कोर्बा ह्या मानकात ‘इंटरफेस रिपॉझिटरी’ नावाचे भांडार कल्पिले आहे. तेथे प्रत्येक इंटरफेस, त्यातील प्रत्येक क्रिया व प्रकार हे स्वतःच कोर्बाच्या वस्तू बनतात. वर्णन आणि वर्ण्य दोहोंना एकच नियम लागू करणारी ही मांडणी तात्त्विक दृष्टीने मोहक आहे. व्यवहारात मात्र तिची किंमत जड पडते. वर्णन हीच दूरस्थ वस्तू असल्यामुळे एकेका क्रियेची चौकशी म्हणजे जालावरची एकेक फेरी होऊ शकते. म्हणूनच संपूर्ण इंटरफेसचे वर्णन एका दमात पाठविणारी वेगळी क्रिया त्याच मानकाला पुरवावी लागली.

मायक्रोसॉफ्टने १९९३ साली ओएलईची दुसरी आवृत्ती आणली आणि तिच्या तळाशी कॉम ही घटक-व्यवस्था ठेवली. तीत इंटरफेस म्हणजे स्मृतीतील फंक्शनांच्या पत्त्यांचे एक कोष्टक, आणि त्याची ओळख म्हणजे १२८ बिटांचा एक अंक. ही अंकांची रीत अपोलो कंपनीच्या वितरित संगणनाच्या यंत्रणेतून डीसीईमार्गे तेथे आली. प्रसिद्ध झालेला इंटरफेस बदलावयाचा नाही, बदल हवा तर नवा अंक घ्यावयाचा, हा नियम कठोर वाटला तरी अपरिहार्य होता. कोष्टकातील चौथ्या जागी कोणते फंक्शन आहे हे दोन्ही पक्ष पाठ करूनच आलेले असतात. मध्ये एक जागा सरकली की पाचारण भलत्याच दारी जाते.

सी++ लिहिणाऱ्यांना एवढे पुरे होते. व्हिज्युअल बेसिकला ते पुरणारे नव्हते. तिच्यासाठी ‘टाइप लायब्ररी’ निर्माण झाली. तिच्या रचनेत कारागिराची सावधगिरी दिसते. प्रत्येक प्रकारामागे एक गुण-नोंद असते. तीत त्याचा अंक, त्यातील फंक्शनांची व चलांची संख्या, पत्त्यांच्या कोष्टकाचा आकार ही माहिती येते. प्रत्येक फंक्शनाच्या नोंदीत त्याचा ओळख-क्रमांक, मूल्यांची संख्या, त्यांपैकी ऐच्छिक किती, पाचारणाची रीत कोणती, हे गुणधर्माचे वाचन आहे की लेखन, आणि पत्त्यांच्या कोष्टकात त्याचे स्थान आरंभापासून किती बाइटांवर आहे, हे नमूद होते. फंक्शनाचे नाव मात्र ह्या नोंदीत नसते. ते निराळे विचारावे लागते. यंत्राला व्यवहार करण्यास नाव लागत नाही, नाव लागते ते माणसाला, हा भेद रचनेतच उतरलेला आहे. आणखी एक गोष्ट : नोंदीचा पत्ता मिळतो तो उसना, काम झाल्यावर ती नोंद लायब्ररीला परत करावी लागते, अन्यथा स्मृती अडकून पडते. कराराची प्रत मागणाऱ्याने प्रतीच्या हिशेबाचाही करार पाळावयाचा, असा हा प्रकार आहे.

बाइटांमधील स्थान नोंदविण्याच्या ह्या पद्धतीत एक उणीवही होती. पत्ता चार बाइटांचा की आठ बाइटांचा ह्यावर ते स्थान अवलंबून राहते. ६४ बिटांची यंत्रे आल्यावर एकच लायब्ररी ३२ बिटांची समजून उघडावयाची की ६४ बिटांची, हे सांगण्याची सोय तिला उघडणाऱ्या फंक्शनात करावी लागली. वर्णनात यंत्राची ठेवण मिसळली की असे होतेच.

नेटस्केपने ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या ब्राउझरचे मूळ लेखन खुले केले आणि त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला. त्याची एक्सपीकॉम ही घटक-व्यवस्था कॉमची जवळची आप्त होय. परंतु तिला विंडोजबरोबर युनिक्स व मॅकवरही नांदावयाचे होते, आणि तिचे घटक वापरणारी भाषा होती जावास्क्रिप्ट. सी++ मध्ये लिहिलेल्या शेकडो इंटरफेसांसाठी हाताने दुभाषी तुकडे लिहिण्यापेक्षा सर्वांचे वर्णन एका ठरीव नमुन्यात साठवावे आणि एकाच दुभाष्याने ते वाचून कोणतेही पाचारण पार पाडावे, असे ठरले. ह्या दुभाष्याचे नाव एक्सपीकनेक्ट.

ह्या वर्णनाचा नमुना काटकसरीचा आदर्श म्हणावा लागेल. मूल्याच्या प्रकारासाठी मूळ तरतूद एका बाइटाची : पाच बिटांत प्रकाराचा क्रमांक आणि उरलेल्या तीन बिटांत पत्त्यासंबंधीच्या खुणा. आणखी एका बाइटात ते मूल्य आत जाणारे, बाहेर येणारे की परतीचे ह्याच्या खुणा. म्हणजे साध्या पूर्णांकाचे संपूर्ण वर्णन दोन बाइटांत उरकते. प्रकार गुंतागुंतीचा असला तरच अधिक जागा लागते : रांगेच्या बाबतीत तिची लांबी कितव्या मूल्यात सांगितली आहे हे नोंदवावे लागते, आणि काही ठिकाणी एका मूल्याचा इंटरफेस कोणता हे दुसऱ्या मूल्यात येणाऱ्या अंकावरून पाचारणाच्या क्षणीच ठरते. इंटरफेसांची सूची त्यांच्या १२८ बिटांच्या अंकांनुसार क्रमाने लावलेली असे, जेणेकरून निम्मी-निम्मी विभागणी करीत शोध घेता यावा. संचिकेच्या प्रारंभी १६ बाइटांची जी खूण होती तिच्यात ओळी संपविणारी निरनिराळी चिन्हे मुद्दाम पेरलेली होती. साधा मजकूर समजून कोणी ती संचिका एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेली आणि वाटेत ती चिन्हे बदलली गेली, तर बिघाड पहिल्या १६ बाइटांतच उघडकीस येई. पीएनजी ह्या चित्र-स्वरूपातही हीच युक्ती आढळते.

जावास्क्रिप्टला दाखवावयाची नाहीत अशी फंक्शनेही ह्या वर्णनातून वगळता येत नसत. त्यांची नोंद ‘झाकलेले’ अशी खूण करून ठेवावीच लागे. कारण एक नोंद गाळली तर पुढील प्रत्येकाचा क्रमांक एकाने घसरे. इंटरफेसचे पहिले स्वतःचे फंक्शन मूळ इंटरफेसची तीन फंक्शने मोजून मगच सुरू होते. वर्णन हे केवळ माहितीपत्रक नसून पत्त्यांच्या कोष्टकाचे प्रतिबिंब आहे, ही गोष्ट येथे फार स्पष्ट होते.

प्रत्यक्ष पाचारणाची शेवटची पायरी मात्र कोणत्याही वर्णनाने सुटली नाही. मूल्ये प्रोसेसरच्या कोणत्या कप्प्यांत आणि कोणत्या क्रमाने ठेवावयाची हे यंत्रागणिक भिन्न असल्याने इंटेल, पॉवरपीसी, स्पार्क इत्यादी प्रत्येकासाठी निराळा तुकडा लिहावा लागला, बहुधा यंत्राच्या खास भाषेत. उलट्या दिशेने, म्हणजे जावास्क्रिप्टमधील वस्तू सी++ ला घटक म्हणून दिसावी ह्यासाठी, सुमारे अडीचशे रिकाम्या फंक्शनांचे एक कोष्टक आधीच रचून ठेवलेले असे. कितवे पाचारले गेले एवढे ते सांगे, बाकीचा अर्थ वर्णनातून लावला जाई. ह्या सर्व प्रवासात सी++ च्या कंपायलरची तपासणी कोठेही नाही. बाहेर येणारे मूल्य वर्णनात ‘आत जाणारे’ म्हणून नोंदले गेले असते, तर घटकाने भलत्याच पत्त्यावर लेखन केले असते आणि दोष सापडला असता तो कोठेतरी दूर. इंटरफेस व त्याचे वर्णन दोन्ही एकाच लेखनातून यंत्राकडून काढून घेण्याचा जो दंडक मोझिलाने पाळला, त्याचे मर्म हे आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या ५७ व्या आवृत्तीने एक्सपीकॉमवर आधारलेली जुनी विस्तारके बंद केली. बाहेरच्यांनी आपले इंटरफेस आणून जोडण्याची वाट त्यामुळे मिटली, आणि वर्णन स्वतंत्र संचिकांत ठेवण्याचे मुख्य प्रयोजनही उरले नाही. २०१८ साली त्या संचिकांची जागा ब्राउझरच्या यंत्रभाषेतच गोठविलेल्या स्थिर कोष्टकांनी घेतली. त्यांत पत्त्यांऐवजी क्रमांक ठेवल्याने ती केवळ वाचनीय राहतात आणि ब्राउझरच्या अनेक प्रक्रियांना एकच प्रत वाटून घेता येते. वीस वर्षांच्या प्रवासानंतर वर्णन पुन्हा कंपायलरच्या स्वाधीन झाले. फरक एवढाच की आता ते गळून पडत नाही.

जावा आणि डॉट नेट ह्यांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. १९९६ च्या जावामध्ये आणि २००२ च्या डॉट नेटमध्ये वर्णन घटकाच्या संचिकेतच, त्याच्या संकेतलिपीसह असते. वेगळे काढताच येत नसल्याने ते मागे पडण्याचा धोका कमी. परंतु ही सोय ज्यांचा कंपायलर आणि चालक दोन्ही एकाच हातचे आहेत त्यांनाच परवडते.

सी भाषेला ती उपलब्ध नव्हती, हे ग्नोम प्रकल्पाच्या उदाहरणावरून दिसते. जीऑब्जेक्ट ग्रंथालयांसाठी तेथे जी टाइप लायब्ररी रचली गेली तिने एक्सपीकॉमचा नमुना उघडपणे पुढे ठेवला. प्रारंभीची खूणसुद्धा त्याच धाटणीची आहे. मात्र प्रकारासाठी एका बाइटाची ओढाताण सोडून ३२ बिटांची ठरीव जागा दिली, जेणेकरून संचिका आहे तशी स्मृतीत उतरवून थेट वाचता यावी. एप्रिल २०११ मधील ग्नोम ३ चे दर्शनी आवरण जावास्क्रिप्टमध्ये लिहिणे शक्य झाले ते ह्या वर्णनाच्या बळावर. येथे वर्णनाचा उगम मात्र आयडीएलमध्ये नाही. तो सीच्या शीर्ष-संचिकांत आणि त्यांच्याभोवतीच्या टिप्पण्यांत आहे. फंक्शनाने परत दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या मालकीची झाली की नाही, हे सीच्या लेखनावरून कळत नाही. ते लेखकाने टिप्पणीत ठरीव शब्दांनी सांगावयाचे असते. तेथे चूक झाली तर एक तर वस्तू कधीच मुक्त होत नाही, किंवा दोनदा मुक्त केली जाते. सीचा कंपायलर टिप्पणी वाचीत नाही. आणि जी आज्ञावली ती वाचून वर्णन तयार करते, तिला टिप्पणी खरी की खोटी हे पडताळण्याचे साधन नाही.