भोंगा आणि बाळागोळी

आमची नात गेल्या आठवड्यात सहा आठवड्यांची झाली. बाळंतपणाला मुलगी आमच्याकडे सिकंदराबादला आली आहे. पोरगी दिवसभर गाढ झोपते आणि रात्री दोनला टक्क जागी. परवा मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाबा, हिला दिवस-रात्र कळतच नाही का हो?" मी आयुष्य फौजेत काढलं. दोन तास पहारा आणि चार तास आराम, हे गणित अंगवळणी पडलेलं. पण तिथे दोन तासांनी बदली यायचा. आईला बदली कोण?

तर मंडळी, तिला दिवस-रात्र खरंच कळत नाही. शिकागोचे नॅथॅनियल क्लाइटमन हे झोपेच्या शास्त्रातलं मोठं नाव. माणसाचं घड्याळ बदलता येतं का हे पाहायला ते १९३८ साली एका सहकाऱ्याला घेऊन केंटकीतल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले होते. पुढे १९५३ साली त्यांनी एंगलमन यांच्याबरोबर १९ तान्ह्या बाळांच्या झोपेच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तिसऱ्या आठवड्यापासून सव्विसाव्यापर्यंतच्या. त्यात दिसलं ते असं की या काळात बाळाची एकूण झोप फारशी घटत नाही, ती फक्त हळूहळू रात्रीकडे सरकते. सुरुवातीला झोप तुकड्या-तुकड्यांची असते. पोट एवढंसं, त्यामुळे दोन-तीन तासांनी भूक लागतेच. रात्रीची घडी बसायला तीन-चार महिने जातात.

हे तीन-चार महिने लक्षात ठेवा आणि माझ्याबरोबर शंभर वर्षांपूर्वीच्या गिरणगावात चला.

माझी आजी लालबागच्या चाळीत राहायची आणि गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला जायची. बाळंतीण उठली की परत कामावर, नाहीतर जागा गेली. गिरणीचा दिवस दहा-अकरा तासांचा. १९२२ च्या कायद्याने ११ तासांची मर्यादा घातली, म्हणजे त्याआधी काय असेल ते समजा. आता दर दोन-तीन तासांनी जागं होणारं मूल आणि अकरा तासांचा भोंगा, यांचा मेळ घालायचा कसा? आजी सांगायची, "भोंगा झाला की गोळी." ही बाळागोळी, आणि तिच्यात अफू.

यात आजी एकटी नव्हती. १९२२ सालीच डॉ. फ्लोरेन्स बार्न्स या डॉक्टरबाईंनी मुंबईतल्या गिरणी-कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली. त्यांचा आकडा असा की कामगार बायकांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते. मी तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. आणि ही अफू चोरटी नव्हे बरं का, सरकारी परवान्याच्या दुकानात मिळायची. तिजोरीला त्यातून महसूल होता.

अफूने मूल झोपतं, पण भूकही झोपते. रडलंच नाही तर पाजणार कोण? मूल वाळत जातं. मात्रा जराशी चुकली तर श्वासच मंदावतो, आणि मोहरीएवढ्या गोळीत मात्रा मोजणार कशी? १९२१ साली मुंबईत हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त अर्भकं दगावल्याची नोंद आहे. हा आकडा जरा जपून घ्यावा. कित्येक बायका बाळंतपणाला कोकणात जायच्या, त्यामुळे जन्म गावाकडे आणि मृत्यूची नोंद मुंबईत. पण निम्मा धरला तरी भयंकरच, आणि त्याला एकटी अफू कारण नव्हती. एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं, पटकी, देवी, सगळंच होतं.

हे आपल्याकडचंच मागासलेपण असं कुणी म्हणू नये. मँचेस्टर-नॉटिंगहॅमच्या गिरण्यांभोवती त्याआधी पाऊणशे वर्षं गॉडफ्रीज कॉर्डियल नावाचं अफूचं सरबत याच कामासाठी खपत होतं. जिथे भोंगा पोचला तिथे ही बाटली पोचली.

मुंबईत १९२८ साली प्रसूती भत्त्याचं विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात त्याचा पुरस्कार केला. १९२९ साली कायदा झाला. पण रजा काही आठवड्यांचीच. बाळाची रात्र तयार होण्याआधीच आईचा भोंगा व्हायचा. पाळणाघरांची सक्ती १९४८ च्या कारखाने कायद्यात आली, तीही पन्नासहून जास्त बायका असतील तिथेच.

आजीला सहा मुलं झाली, जगली चार. आमचे वडील तिसरे. थोरला चार महिन्यांचा असताना गेला. शेजारची म्हातारी पोरं सांभाळायची, तिच्याकडे तो झोपलेला असताना. मी कॅडेट असताना सुट्टीत एकदा आजीला विचारलं, कशाने गेला? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "झोपेत गेला." मग बराच वेळ ताटातले खडे काढत राहिली. मी पुढे विचारलं नाही, आणि आता विचारायला कुणी उरलं नाही.

माझ्या मुलीला २०१७ च्या दुरुस्तीमुळे २६ आठवड्यांची रजा मिळाली आहे. क्लाइटमन यांच्या नोंदीही बरोबर सव्विसाव्या आठवड्यालाच संपतात, हा निव्वळ योगायोग. ती फोनवरच्या कुठल्याशा ॲपमध्ये नातीच्या झोपेचे रकाने भरत बसते. मी ते बंद करायला लावलं आणि घरात पहारे वाटून दिले. रात्री दोन ते चार माझा.