तारेच्या शेवटी कोण?

भालकी आणि उदगीर, दोन्ही गावं १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या एकाच बीदर जिल्ह्यात होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. भालकी, बसवकल्याण, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे. लेकी मात्र नकाशा बघून दिलेल्या नव्हत्या. माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या, अशा बायका आमच्या आळंद-भालकीकडं घरोघर आहेत. पुढं एसटीडी आली आणि ही सीमा आकड्यांतही उतरली : भालकीचा कोड ०८४८४, उदगीरचा ०२३८५.

अमेरिकेत शेतकऱ्यांनी वर्गणी काढून, काही ठिकाणी तर कुंपणाच्या तारेवरूनच, गावच्या टेलिफोन कंपन्या काढल्या. त्यांतल्या काही आज गावाला इंटरनेट पुरवतात. आपल्याकडं तसं होणं शक्य नव्हतं. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यानं तार ही सरकारची मक्तेदारी केली. मुंबई, कलकत्ता, मद्रास इथल्या परवानाधारक खासगी कंपन्याही १९४३ मध्ये सरकारनं ताब्यात घेतल्या. तरी तारेचं शेवटचं टोक गावातल्याच कुणाच्या तरी हाती असायचं. खरा इतिहास त्याचा आहे.

आधी ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसावं लागे. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली. तिनं खेड्यांसाठी १२८ लाइनींचं छोटं एक्स्चेंज बनवलं. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. आमच्यासारख्या धुळीच्या, उन्हाच्या मुलखात महत्त्वाचं तेच. पहिलं एक्स्चेंज १९८६ मध्ये बसलं तेही कर्नाटकातच, कित्तूरला. घरोघर फोन देणं परवडणारं नव्हतं, म्हणून फोन हाकेच्या अंतरावर आणायचा, हा विचार होता. त्यातून पिवळ्या पाट्यांचे पीसीओ आले. बूथ देताना अपंगांना प्राधान्य असे.

काचेची केबिन, वर चढत जाणारे लाल आकडे, रात्री पाव दरासाठी लागलेली रांग. घरी फोन नसणारे शेजाऱ्याचा ‘पीपी नंबर’ द्यायचे. केबिनचं दार लावलं तरी बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू यायचं. सासरी आलेल्या बाईनं बोलायचं तरी काय? ‘बरं हाय का?’ ‘बरं हाय.’ आमच्या गल्लीतल्या एकीनं ऐन चैत्रात माहेरी फोन केला नि म्हणाली, ‘इकडं पाऊस लई व्हायलाय.’ आईला कळलं. दुसऱ्या दिवशी भाऊ न्यायला हजर. बूथवाल्यालाही कळलं असणार. बाहेरचं ऊन त्याला दिसतच होतं. त्यानं शेवटपर्यंत कुठं वाच्यता केली नाही.

मोबाइल आला आणि बूथ मिटले. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं देशात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रानं ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली, तिलाच पुढं भारतनेट म्हणू लागले. पण पंचायतीपासून घरापर्यंत कोण नेणार? त्या कामाला केबल टीव्हीवाला आला. गच्ची-गच्चीवरून वायर ओढणं, महिन्याची वसुली, जेसीबीनं वायर तोडली की मोटारसायकलवरून धावणं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. बीएसएनएलचं घरगुती फायबरसुद्धा पुष्कळ ठिकाणी असल्याच स्थानिक भागीदारांमार्फत येतं. उत्पन्नात त्यांचा वाटा असतो. ९ डिसेंबर २०२० ला केंद्रानं पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात किराणावाल्यालाही परवान्याविना वाय-फाय विकता येतं. अशा दुकानाचं नाव ‘पब्लिक डेटा ऑफिस’, म्हणजे पीसीओचाच नातू!

आता बाकावर कुणी ऐकत बसलेलं नसतं. उदगीरची मावशी भालकीच्या भाचीचं तोंड बघून बोलते, कोडही लागत नाही. पण कनेक्शन कुणाच्या नावावर, वापराच्या नोंदी कुणाकडं, राउटरचा पासवर्ड कुणाच्या खिशात, हे किती बायकांना ठाऊक असतं? त्या बाईचं गुपित एका माणसाच्या चांगुलपणावर राहिलं. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं केला आहे. तेव्हा नवं कनेक्शन घेताना वेग नि दर विचारतो, तसं वायर ओढायला आलेल्या पोराला हेही विचारावं, ‘बाबा, आमच्या नोंदी कोण बघतं?’