बांबूचे परराष्ट्र धोरण : व्हिएतनामची दोन महासत्तांमधील कसरत

अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष ज्यो बायडेन सप्टेंबर २०२३ मध्ये, चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणि रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन जून २०२४ मध्ये हनोईला आले. दहा महिन्यांच्या आत या तिघांचे सारख्याच इतमामाने स्वागत करणारी दुसरी राजधानी शोधून सापडणे कठीण. सुमारे दहा कोटी लोकसंख्येच्या या विकसनशील देशाने हे कसे साधले, याचे उत्तर त्याच्या भूगोलात आणि गेल्या अर्धशतकातील कटू अनुभवांत दडलेले आहे.

एकाच मित्रावर भिस्त ठेवण्याची किंमत

चीनशी व्हिएतनामची सुमारे १३०० किलोमीटरची भूसीमा आहे. प्राचीन काळी जवळपास हजार वर्षे या भूमीवर चिनी राजवटींची सत्ता होती आणि त्या काळाची स्मृती आजही व्हिएतनामी राष्ट्रभावनेचा गाभा आहे. अमेरिकेविरुद्धचे युद्ध १९७५ मध्ये संपले, तरी शांतता लाभली नाही. नोव्हेंबर १९७८ मध्ये व्हिएतनामने सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला आणि पुढच्याच महिन्यात कंबोडियात सैन्य घुसवले. त्याला ‘धडा शिकवण्यासाठी’ चीनने फेब्रुवारी १९७९ मध्ये उत्तर सीमेवर आक्रमण केले. मॉस्कोने शस्त्रे पुरवली, पण प्रत्यक्ष रणांगणात उतरण्याचे टाळले. पुढे सोव्हिएत संघच लयाला गेला, तेव्हा मदतीचा ओघही आटला. एकाच महासत्तेच्या गोटात शिरण्याचे परिणाम हनोईने असे भोगले.

डिसेंबर १९८६ मध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने ‘दोई मोई’ म्हणजे नूतनीकरणाचे आर्थिक धोरण स्वीकारले होते. त्याला साजेसे परराष्ट्र धोरण मग आकाराला आले. १९८९ मध्ये कंबोडियातून सैन्य माघारी आले, १९९१ मध्ये चीनशी संबंध पूर्ववत झाले आणि जुलै १९९५ मध्ये अमेरिकेशी राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. त्याच महिन्यात व्हिएतनाम ‘आसियान’चा सदस्य बनला. अमेरिकेशी झालेला द्विपक्षीय व्यापार करार डिसेंबर २००१ मध्ये अमलात आला, तर जागतिक व्यापार संघटनेचे सदस्यत्व जानेवारी २००७ मध्ये मिळाले.

चार ‘नाही’

व्हिएतनामच्या संरक्षणविषयक श्वेतपत्रिकेत चार ‘नाही’ नमूद आहेत. कोणत्याही लष्करी आघाडीत सामील व्हायचे नाही, एका देशाशी हातमिळवणी करून दुसऱ्याविरुद्ध उभे राहायचे नाही, आपल्या भूमीवर परकी लष्करी तळ उभारू द्यायचा नाही आणि बळाचा वापर किंवा तशी धमकी द्यायची नाही. यातील चौथ्या तत्त्वाची भर २०१९ च्या श्वेतपत्रिकेत पडली. काम रान्ह हे खोल पाण्याचे नैसर्गिक बंदर या धोरणाची साक्ष देते. युद्धकाळात तेथे अमेरिकेचा तळ होता, पुढे सोव्हिएत आणि नंतर रशियन नौदलाचा. रशियाने २००२ मध्ये तो सोडल्यानंतर हे बंदर कोणत्याही एका देशाच्या स्वाधीन करण्यात आले नाही.

पक्षाचे दिवंगत सरचिटणीस न्गुयेन फू त्राँग यांनी या धोरणाला बांबूची उपमा दिली : मुळे घट्ट, खोड मजबूत, फांद्या लवचिक. मैत्रीच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. त्यातील सर्वोच्च पायरी ‘सर्वंकष सामरिक भागीदारी’ची. चीनला ती २००८ मध्ये, रशियाला २०१२ मध्ये आणि भारताला २०१६ मध्ये मिळाली. अमेरिका मात्र २०१३ पासून सर्वांत खालच्या पायरीवर होती. बायडेन यांच्या भेटीत तिला थेट वरच्या पायरीवर स्थान देण्यात आले. त्यानंतर तीन महिन्यांत शी जिनपिंग हनोईत आले असता, चीनच्या ‘समान भवितव्या’च्या संकल्पनेस व्हिएतनामने मान्यता दिली. एकाला देताना दुसऱ्याचा मान राखायचा, ही या राजनयाची रीत.

समुद्रातील वाद

या मैत्रीला सर्वाधिक तडे जातात ते दक्षिण चीन समुद्रात. व्हिएतनामी त्याला ‘पूर्व समुद्र’ म्हणतात. पॅरासेल बेटांचा उर्वरित भाग चीनने १९७४ मध्ये तत्कालीन दक्षिण व्हिएतनामकडून हिसकावला. १९८८ मध्ये स्प्रॅटली द्वीपसमूहातील चकमकीत व्हिएतनामचे ६४ नौसैनिक मृत्युमुखी पडले. मे २०१४ मध्ये चीनने पॅरासेलजवळ तेलविहिरीचा तरंगता मंच आणून उभा केला, तेव्हा व्हिएतनाममध्ये दंगली उसळल्या. संतप्त जमावाने चिनी समजून तैवानी मालकीचे कारखानेही फोडले. चीनविरोधी जनक्षोभ पक्षाच्या उपयोगाचा असला, तरी तो हाताबाहेर गेल्यास परकी गुंतवणूकच धोक्यात येते, हे तेव्हा दिसून आले.

म्हणूनच सुरक्षेच्या बाबतीत हनोईने अनेक दारे उघडी ठेवली आहेत. रशियाकडून सहा ‘किलो’ वर्गाच्या पाणबुड्या घेतल्या. त्यांवरील नौसैनिकांना प्रशिक्षण दिले ते भारतीय नौदलाने. २०२३ मध्ये भारताने ‘आयएनएस कृपाण’ ही युद्धनौका व्हिएतनामला भेट दिली. अमेरिकेने २०१६ मध्ये शस्त्रविक्रीवरील बंदी पूर्णपणे उठवली आणि मार्च २०१८ मध्ये ‘कार्ल व्हिन्सन’ ही विमानवाहू नौका दा नांग बंदरात आली. युद्धसमाप्तीनंतरची अशी ती पहिलीच भेट होती.

कच्चा माल चीनचा, ग्राहक अमेरिकेचा

व्यापाराचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे. व्हिएतनामचा सर्वांत मोठा ग्राहक अमेरिका, तर सर्वांत मोठा पुरवठादार चीन. कापड, सुटे भाग आणि यंत्रसामग्री चीनमधून येते. व्हिएतनामी कारखान्यांत त्यांपासून कपडे, पादत्राणे, फर्निचर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू तयार होतात आणि त्यांचा मोठा हिस्सा अमेरिकेला जातो. २०१८ मध्ये अमेरिका-चीन व्यापारयुद्ध पेटल्यावर अनेक कंपन्यांनी चीनमधून येथे मुक्काम हलवला आणि या साखळीला वेग आला.

परंतु हा लाभच अडचणीचे कारण ठरला. २०२४ मध्ये व्हिएतनामबरोबरच्या व्यापारात अमेरिकेची तूट १२३ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. चीन आणि मेक्सिकोनंतर ही सर्वांत मोठी. २ एप्रिल २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी व्हिएतनामी मालावर ४६ टक्के आयात शुल्क जाहीर केले. पक्षाचे सरचिटणीस तो लाम यांनी दोनच दिवसांत ट्रम्प यांच्याशी दूरध्वनीवर संपर्क साधला. त्याच महिन्याच्या मध्यास हनोईत शी जिनपिंग यांचे स्वागत झाले आणि चीनबरोबर ४५ करारांवर सह्या झाल्या. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने शुल्काचा दर २० टक्क्यांवर आणल्याचे जाहीर केले. मात्र अन्य देशाचा माल व्हिएतनाममार्गे पाठवल्यास ४० टक्के आकारण्याची अटही घातली.

ही अट वर्मावर बोट ठेवणारी आहे. केवळ नाव बदलून पाठवलेला चिनी माल रोखणे हनोईला अवघड नाही. तशी पावले उचललीही गेली. पण व्हिएतनाममध्ये शिवलेल्या सदऱ्याचे कापड चिनी असेल, तर तो सदरा कोणाचा? या प्रश्नाचे उत्तर कसे दिले जाते, यावर लाखो कामगारांचा रोजगार अवलंबून आहे. व्याख्या सैल ठेवली तर वॉशिंग्टन नाराज, कठोर केली तर बीजिंग नाराज आणि कारखानेही अडचणीत.

पर्यायांचा शोध

यावर उपाय म्हणून हनोईने बाजारपेठा वाढवल्या. प्रशांत महासागर परिसरातील देशांचा व्यापार करार व्हिएतनामला २०१९ मध्ये, तर युरोपीय संघाबरोबरचा करार २०२० मध्ये लागू झाला. चीनचा समावेश असलेल्या ‘आरसेप’ करारातही तो आहे. जून २०२५ मध्ये व्हिएतनाम ‘ब्रिक्स’चा भागीदार देश बनला. दुसरीकडे चीनच्या सीमेवरील लाओ काय ते हायफाँग बंदर या नव्या रेल्वेमार्गास फेब्रुवारी २०२५ मध्ये संसदेची मंजुरी मिळाली.

या साऱ्या हालचालींमागे एकच हिशेब आहे : कोणत्याही एका राजधानीला ‘नाही’ म्हणण्याची वेळ आली, तर ते परवडले पाहिजे. मात्र लवचिकतेचा खरा आधार स्वतःचे उत्पादन हाच असतो. सुटे भाग आणि कापड देशातच तयार होऊ लागत नाही, तोवर चीनचा पुरवठा आणि अमेरिकेची मागणी यांपैकी एकही दोर व्हिएतनामला हातचा सोडता येणार नाही.