ख्रिस्तपुराणाच्या वाचनाची परंपरा

मराठी ख्रिस्ती समाजातील भक्तिपर ग्रंथवाचनाचा इतिहास सतराव्या शतकातील गोव्यापर्यंत मागे जातो. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी जवळपास अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली सासष्टीतील राशोल येथे प्रथम छापले गेले. त्याचे निमित्त ग्रंथाच्या आरंभीच आले आहे: धर्मांतरितांपैकी एक ब्राह्मण देवळात पाद्रींना विचारतो की, जुनी पुराणे तर हातून गेली, मग फावल्या वेळी मन रमवील असे नवे पुराण आम्हांला का मिळू नये? ही उणीव खरी होती. ज्यांचे धर्मज्ञान पिढ्यानपिढ्या श्रवणातून घडले होते, त्यांची भूक केवळ प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाने, म्हणजे 'दौत्रिन' पाठ करून, भागणारी नव्हती.

म्हणूनच स्टीफन्स यांनी ओवी निवडली आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ', तारणासाठी 'मोक्ष' असे श्रोत्यांच्या ओळखीचे शब्द योजले. 'पहिले पुराण' बायबलच्या जुन्या कराराचा, तर 'दुसरे पुराण' येशूच्या चरित्राचा विषय घेते; दोन्हींची विभागणी 'अवस्वरू' नावाच्या अध्यायांत असून, मधूनमधून श्रोते शंका विचारतात आणि गुरू त्यांचे निरसन करतात. रविवारी व सणांच्या दिवशी देवळात त्याचे वाचन होई. श्रवणामागून मनन यावे, ही पुराणवाचनाची जुनी शिस्त त्यामुळे नव्या श्रद्धेतही टिकून राहिली.

छपाई मात्र रोमन लिपीत झाली. देशी अक्षरांचे ठसे पाडण्याची स्टीफन्स यांची इच्छा होती आणि १६०८ साली त्यांनी रोमला पत्र पाठवून तशी विनंतीही केली होती. परंतु युरोपीय वर्णमालेला चोवीस ठसे पुरत असता येथील अक्षरांना शेकडो लागत, ही अडचण मोठी होती. १६४९ व १६५४ साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ साली व्हाइसरॉयने तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले आणि गोव्यात या वाचनाला उतरती कळा लागली.

तरीही ग्रंथ जगला, तो वाचकांमुळे. दक्षिण कानड्यात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली, त्यांच्या नकला केल्या आणि ते वाचत राहिले. सतराव्या शतकातील छापील प्रती हाती नसल्यामुळे जोसेफ सालढाणा यांना १९०७ सालची मंगळूर आवृत्ती अशाच हस्तलिखितांवरून सिद्ध करावी लागली. छापखाना, राजसत्ता आणि अधिकृत मान्यता यांपैकी कशाचाही आधार उरला नसताना केवळ नित्य वाचनाच्या गरजेपोटी लोकांनी एवढा विस्तृत ग्रंथ हाताने उतरवून ठेवला. ख्रिस्तपुराण त्यांच्या आध्यात्मिक जीवनात किती खोल रुजले होते, याचा याहून भक्कम पुरावा नाही.