यंत्रयुगांतील शेजार

मनुष्याच्या घरांत नवें यंत्र शिरलें म्हणजे त्याच्या शेजारधर्माचें काय होतें, हा प्रश्न जुना आहे. टेलिफोन आला तेव्हां तो विचारला गेला. दूरचित्रवाणी आली तेव्हांही विचारला गेला. विसाव्या शतकाच्या अखेरीस इंटरनेट घरोघर पोंचूं लागलें आणि तोच प्रश्न पुन्हा पुढें आला. या वेळीं कांहीं अभ्यासकांनीं तर्कावर न विसंबतां तो प्रत्यक्ष पारखून पाहिला. त्यांच्या निष्कर्षांइतकीच त्यांची अभ्यासाची रीतही मननीय आहे.

अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथें कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या रॉबर्ट क्राउट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९५ व १९९६ या सालीं कांहीं कुटुंबांस संगणक व इंटरनेटची जोडणी पुरविली. कोण किती वेळ तें वापरतो याची नोंद यंत्रच ठेवी. मनाची स्थिति व आप्तेष्टांशीं संबंध यांची विचारपूस प्रश्नावलीनें होई. ७३ कुटुंबांतील १६९ व्यक्तींच्या माहितीवरून १९९८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वापर जितका अधिक, तितका घरांतील संवाद थोडा कमी, परिचितांचें वर्तुळ थोडें लहान आणि एकटेपणा व खिन्नता थोडी जास्त, असें त्यांत म्हटलें होतें. या वार्तेनें पुष्कळ खळबळ उडाली. परंतु ज्यांच्या घरीं यंत्र आलें नव्हतें अशांशीं तुलना करण्याची सोय या अभ्यासांत नव्हती. पुढें त्याच मंडळींची पुन्हा पाहणी केली तेव्हां बहुतेक दुष्परिणाम ओसरलेले दिसले. आणि तेंही त्याच अभ्यासकांनीं २००२ सालीं प्रामाणिकपणें प्रसिद्ध केलें.

याच सुमारास कॅनडांत टोरोंटो शहराच्या एका उपनगरांत निराळ्या रीतीचा अभ्यास चालला होता. तेथें १०९ घरांची नवी वसाहत उभी राहिली होती. रहिवाशांचा खाजगीपणा राखण्यासाठीं तिला ‘नेटव्हिल’ असें टोपणनांव देण्यांत आलें. घर घेणारांस अतिवेगवान जोडणीचें आश्वासन मिळालें होतें. पण ती ६४ घरांनाच मिळाली, ४५ घरें तशींच राहिलीं. हा भेद रहिवाशांच्या आवडीनिवडीनें झाला नसून जोडणी पुरविणारांच्या अडचणींनीं झाला होता. पिट्सबर्ग येथें जी तुलना साधली नव्हती, ती येथें अनायासें लाभली.

टोरोंटो विद्यापीठांत बॅरी वेलमन यांच्या मार्गदर्शनाखालीं अभ्यास करणारे कीथ हॅम्प्टन ऑक्टोबर १९९७ मध्यें या वसाहतींतील एका घराच्या तळघरांत राहावयास गेले व ऑगस्ट १९९९ पर्यंत तेथेंच राहिले. त्यांनीं प्रश्नावली भरून घेतली, रस्त्यांतून फिरून निरीक्षण केलें, रहिवाशांच्या मेजवान्यांस व सभांस ते हजर राहिले, आणि संगणकावरील सामाईक टपालांतून होणारा त्यांचा विचारविनिमयही वाचला.

प्रश्नावलीनें आंकडे दिले. जोडणी असलेली माणसें इतरांच्या सुमारें तिप्पट शेजाऱ्यांना नांवानें ओळखत, दुप्पट शेजाऱ्यांशीं बोलत, आणि दीडपट शेजाऱ्यांच्या घरीं त्यांना बोलावणें येई. असें कां, हें मात्र सहवासानें उलगडलें. सामाईक टपालांतून नांव आधीं कळे, मग रस्त्यांत नमस्कार होई. लोक घरामागील अंगणाऐवजीं पुढल्या ओसरीवर बसत. घरांच्या बांधकामांतील दोषांविरुद्ध त्यांनीं याच टपालाच्या साहाय्यानें एकजूट केली. आणि १९९९ मध्यें प्रयोग संपवून जोडणी काढून घेण्याचें ठरलें तेव्हां निषेधही त्याच मार्गानें उभा राहिला.

एका वसाहतीचा हा निवाडा साऱ्या जगास लागू नाहीं. तेथील सर्वच लोक नवे होते, आणि नव्या जागीं ओळख करून घेण्याची इच्छा स्वाभाविकच अधिक असते. तरीही एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्र स्वतः शेजार मोडीत नाहीं वा जोडीत नाहीं. त्याची तार कोणाच्या दारापर्यंत जाते, यावर पुष्कळ अवलंबून असतें. आणि तें दार पाहावयाचें असेल तर गणितज्ञाची वही व पाहुण्याची पायपीट, दोन्ही हवीं. नुसत्या आंकड्यांना कारण ठाऊक नसतें. नुसत्या सहवासाला प्रमाण ठाऊक नसतें. शिवाय पिट्सबर्ग येथील दुसऱ्या पाहणीनें दाखविल्याप्रमाणें, निकाल देण्यापूर्वीं कांहीं काळ थांबण्याची तयारीही असावी लागते.